विज्ञान प्रदर्शनातील उपकरण कोणाचे?

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा गौरव व्हावा, हे रीतीला धरूनच आहे. तो इतरत्र होईलच. आम्ही मात्र या पानांवर एका प्रश्नाविषयी आपल्याशी मोकळेपणाने बोलू इच्छितो. हा प्रश्न दरवर्षी हिवाळ्यात आपल्या वसतिगृहाच्या दाराशी येऊन उभा राहतो. तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनासाठी, त्यातही भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्याशी निगडित उपकरणांसाठी, आपल्या मुलांची तयारी कशी करून घ्यावी, हा तो प्रश्न. वरवर पाहता तो छोटा वाटतो. परंतु आपण आपल्या मुलांना काय समजतो, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

प्रदर्शनाचा मांडव आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ओळीने मांडलेली टेबले, थर्माकोलवर चिकटवलेली हिरवी झाडे, सिरिंजच्या दाबावर हलणारा जेसीबी, बटण दाबताच लुकलुकणारे दिवे आणि त्यामागे गणवेशात ताठ उभी असलेली दोन मुले. पाठ केलेले भाषण मुले घडाघडा म्हणतात. परीक्षकांनी भाषणाबाहेरचा एक प्रश्न विचारला, की ती शिक्षकांकडे पाहू लागतात. उपकरण बाजारातून आणलेले असते, किंवा शिक्षकांनी रात्र जागून केलेले असते, किंवा एखाद्या सुस्थितीतील पालकाने कारागिराकडून करवून घेतलेले असते. मुलाच्या वाट्याला त्यातले फक्त उभे राहणे येते.

हे इतरांविषयी लिहिणे सोपे आहे. म्हणून प्रथम स्वतःविषयी लिहितो. काही वर्षांपूर्वी आम्हीही तसेच केले होते. वेळ थोडा होता, शाळेचे नाव व्हावे ही इच्छा मोठी होती. तयार सुटे भाग आणले, आमच्याच हातांनी जोडले, एका हुशार मुलाला त्यामागे उभे केले आणि पारितोषिक मिळाले. सन्मानचिन्ह आजही कार्यालयातील कपाटात आहे. परतीच्या वाटेवर त्या मुलाने विचारले, “सर, आतली ती काळी वस्तू काय होती?” त्याने ज्या उपकरणासाठी टाळ्या घेतल्या होत्या, त्याच्या पोटात काय आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि स्पर्धा संपेपर्यंत विचारण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. त्या दिवशी आम्ही त्या मुलाला जिंकवले आणि त्याच वेळी त्याला हे शिकवले, की विज्ञान ही दुसऱ्याने करायची आणि आपण वाहून न्यायची गोष्ट आहे. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिली, त्या समाजाच्या शाळेने तरी हे शिकवू नये, असे आमचे मत आहे.

हा विचार आमच्यापासून सुरू झालेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले आणि मजूर खाते त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी सरकारला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा आग्रह धरला. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाची गरज भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे दामोदर खोऱ्याच्या योजनेत आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वपीठिका असलेल्या १९४५ च्या आयोगाच्या उभारणीत त्यांच्या खात्याचा वाटा मोठा होता. धरण, वीज, कालवा हे विषय त्यांना परके नव्हते. आपल्या भिंतीवर त्यांची तसबीर असते. त्या तसबिरीखाली एक हातोडी, एक तापमापी आणि एक वजनकाटाही असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

खानदेशालाही या बाबतीत एक वारसा आहे, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याचे संस्थापक संचालक डॉ. व्ही. जी. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ. या केंद्राने आपल्या आरंभीच्या काळातच जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा निवडल्या आणि साध्या साधनांनी विज्ञान कसे शिकवता येईल, याचा प्रयोग शिक्षकांना सोबत घेऊन केला. त्यानंतर १९८० च्या सुमारास याच केंद्राने मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी प्रज्ञासंवर्धनाचा उपक्रम हाती घेतला. डॉ. कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांनी त्यावर लिहिले आहे. त्यातून हाती आलेली गोष्ट आपण सर्वांनी मनात कोरून ठेवावी अशी आहे : मुलांमध्ये बुद्धीची उणीव नव्हती. अडथळा होता तो पुस्तकाच्या भाषेचा, प्रश्न विचारण्याची सवय नसल्याचा आणि स्वतःच्या हातांनी करून पाहण्याची संधी न मिळाल्याचा. हे अडथळे दूर होताच तीच मुले पुढे सरकली.

मग प्रदर्शनाची तयारी कशी असावी? सिद्धान्त सांगत बसण्यापेक्षा आमच्या अंगणात घडलेले एक उदाहरण सांगतो.

दोंडाईचा आणि मिरची यांचे नाते आपल्याला सांगायला नको. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे ढीग येतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मैलभर लाल चादर पसरते. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आया त्या पथाऱ्यांवर रोजंदारीने मिरची पसरतात, उलटवतात, देठ खुडतात. अवकाळी पावसाची एक सर आली, की व्यापाऱ्याचा माल काळा पडतो आणि मजुरांचा रोज बुडतो. आठवी-नववीच्या चार मुलींनी म्हणूनच सौर वाळवणीची पेटी हा विषय निवडला. विषय त्यांनी निवडला. आम्ही फक्त अट घातली, की आधी हिशेब, मग करवत.

हिशेब असा झाला. ओल्या मिरचीत साधारण शेकडा ७५ भाग पाणी धरले, तर पाच किलो मिरचीत सव्वा किलोच कोरडा भाग असतो. साठवणीसाठी शेकडा १० भाग पाणी राहू द्यायचे, म्हणजे शेवटी वजन सुमारे १ किलो ३९० ग्रॅम उतरले पाहिजे. अर्थात ३ किलो ६०० ग्रॅमहून थोडे अधिक पाणी वाफ होऊन जायला हवे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. एकूण गरज निघाली विजेच्या मीटरच्या भाषेत सुमारे २.४ युनिट. आपल्याकडे निरभ्र दिवशी एक चौरस मीटर जागेवर साधारण ५ ते ६ युनिट एवढी सौर ऊर्जा पडते. त्यातली एक तृतीयांश कामी आली असे धरले, तर एक चौरस मीटरच्या पेटीत दीड दिवसात मिरची वाळायला हवी. पाटीवरचे हे उत्तर पाहून मुली हरखून गेल्या. पथारीवर आठवडा आणि त्याहून अधिक दिवस लागणारे काम दीड दिवसात!

पेटी तयार झाली. भंगारातला पत्रा, आतून काळा रंग, वर जुन्या खिडकीची काच, तोंड दक्षिणेकडे. दोंडाईचाचे अक्षांश सुमारे २१.३ अंश, हिवाळ्यातला सूर्य खाली झुकलेला असतो, म्हणून काचेचा उतार त्याहून जास्त, ३५ अंशांच्या आसपास ठेवला. पहिल्याच दिवशी आतले तापमान झपाट्याने चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो काचेच्या आतल्या बाजूने पाणी ओघळते आहे आणि मिरची काळवंडते आहे. पेटी तापली होती. पण वाफेला बाहेर जायला वाटच नव्हती. मुलींच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्यापैकी एकाच्या जिभेवर उत्तर आलेही होते. ते त्याने गिळले, याचा आम्हाला आज अभिमान वाटतो. दोन दिवसांनी एका मुलीने स्वयंपाकघराच्या धुराड्याकडे बोट दाखवले. खाली भोके, वर पाइप. गरम हवा वर जाईल, जाताना ओल घेऊन जाईल आणि खालून कोरडी हवा आत येईल. उष्णतेचे अभिसरण सातवीच्या पुस्तकात त्या वाचून आल्या होत्या; पण शिकल्या त्या दिवशी.

नव्याने मिरची भरली. तिसऱ्या दिवशी रविवार होता, पालकांच्या भेटीचा दिवस. एका मुलीची आई पेटीपाशी आली. तिने एक मिरची उचलली, कानाजवळ नेऊन हलवली आणि म्हणाली, “अजून बी वाजत नाही. नाही वाळली.” मुलींनी वजन केले : १ किलो ६०० ग्रॅम. हिशेब मांडला, तर पाण्याचा अंश अजून शेकडा २२ निघाला. काटा आणि कान यांचे एकमत झाले होते. ती माउली शाळेत गेलेली नाही. मुलीच्या अभ्यासाविषयी विचारले, की “आम्हाला त्यातलं काय कळतं?” असे म्हणून ती मान खाली घालायची. त्या दिवशी मात्र तिच्या मुलीने प्रकल्पवहीत लिहिले : ‘वाळल्याची परीक्षा – आईची पद्धत – बी खुळखुळणे.’ त्यापुढे वजनाचा आकडा.

आम्ही या प्रसंगाला कोणत्याही सन्मानचिन्हापेक्षा मोठे मानतो. विकतचे उपकरण हे ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच वर चढवते. मात्र विषय मुलांच्या आयुष्यातला असेल, तर ज्याच्या घरी पैसा नाही त्याच्या घरचे ज्ञानही मांडवात येते. आपली मुले दुसऱ्यांच्या खेळात कायम एक पाऊल मागे राहतील. आपल्या अंगणात ती कोणाच्याही पुढे जाऊ शकतात.

त्या वर्षी बक्षीस मिळाले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शेजारच्या रंगीत, चमकत्या उपकरणांपुढे आमचा गंजका पत्रा दिसायला कुरूपच होता. परंतु परीक्षकांनी विचारले, “हिशेबाने दीड दिवस, मग प्रत्यक्षात साडेतीन दिवस का लागले?” तेव्हा कोणीही शिक्षकांकडे पाहिले नाही. मुलीने उत्तर दिले : आम्ही सगळे पाणी सारखेच धरले होते, वरवरचे पाणी लवकर जाते, पण आतले पाणी सालीतून हळूहळू बाहेर येते आणि शेवटी वेग मंदावतो. हे वाक्य तिला कोणी शिकवले नव्हते. तिच्या वहीतल्या रोजच्या वजनाच्या आलेखाने तिला ते सांगितले होते.

भौतिकशास्त्राच्या तयारीचा गाभा आमच्या मते याच दोन गोष्टींत आहे : मोजणे आणि मोजण्यातली चूक ओळखणे. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला दगड बांधून झोका दिला, तर एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. घड्याळाचे बटण दाबताना हाताची चूक पाव सेकंदाच्या आसपास होतेच. एकच आंदोलन मोजले, तर ती चूक शेकडा १० हून अधिक. वीस आंदोलने मोजली, तर वेळ चाळीस सेकंद आणि चूक शेकड्याला एकाहूनही कमी. या प्रयोगाला पाच रुपये लागत नाहीत. पण ज्या मुलाला हे एकदा उमगले, तो पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत गेला तरी एका वाचनावर विश्वास ठेवणार नाही. तसेच २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास एक मीटरची काठी अंगणात सरळ उभी करावी. सावली सर्वात आखूड होते तेव्हा ती सुमारे ३९ सेंटिमीटर भरते आणि त्यावरून आपल्या गावाचे अक्षांश काढता येतात. मात्र ती वेळ घड्याळातल्या बाराची नसते, जवळजवळ साडेबाराची असते. असे का, हा प्रश्न एका सबंध प्रकल्पाला पुरेसा आहे.

अभियांत्रिकीचेही तेच. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल मुले हौसेने करतात; पण तो कितव्या किलोला आणि कोणत्या सांध्याला मोडला, हे लिहून ठेवत नाहीत. प्लास्टिकची पट्टी आडवी धरली तर वाकते, उभी धरली तर वाकत नाही. तुळईची उंची दुप्पट केली, की तिचा ताठपणा आठपट होतो. चौकोनी सांगाडा हाताने ढकलला तर तिरपा होतो, त्रिकोणी होत नाही. गावातल्या जिनिंगच्या शेडखाली उभे राहून छताच्या कैचीकडे वर पाहिले, की हे समजते. मोटार रिवाइंडिंगचे दुकान, लेथवाल्याचा कारखाना, साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या, तापीवरचा सारंगखेड्याचा बॅरेज, ही सगळी आपली प्रयोगशाळाच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला तो हाच विचार घेऊन, की गावातली खरी कामे करता करता मुले तंत्रज्ञान आणि त्यामागचे विज्ञान शिकतात. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी जगभर पोचली, तीही याच मार्गाने.

स्पर्धांचे आयोजक मुलांकडून काही वेगळे मागतात, असेही नाही. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत स्थानिक प्रश्नावर गटाने काम करणे आणि नोंदवही ठेवणे अपेक्षित असते. इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने विद्यार्थ्यांच्या मूळ कल्पना पाठवायच्या असतात आणि निवड झाल्यास उपकरणासाठी दहा हजार रुपये विद्यार्थ्याच्या नावे मिळतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेपुरते थांबून चालत नाही. प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत यांतूनही जावे लागते. नियम चांगले आहेत. ते पाळण्याचा धीर आपल्यात नाही.

भाषेविषयी एक शब्द. आपली मुले घरी अहिराणी बोलतात, काही भिली, काही पावरी. प्रदर्शनाच्या भाषणासाठी आपण त्यांना जडजंबाळ वाक्ये पाठ करायला लावतो आणि ती अडखळली, की त्यांना विज्ञान येत नाही असे समजतो. आमचा अनुभव उलट आहे. पेटीतून पाणी ओघळताना पाहून एक मुलगी उद्गारली, “हाई कसं व्हयनं?” शास्त्राचा आरंभ त्या प्रश्नात होता. प्रथम मुलांनी आपल्या बोलीत विचार करावा, मग प्रमाण मराठीत लिहावे, पुढे इंग्रजीतही सांगावे. क्रम उलटा केला, की पाठांतर उरते.

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की दहावीचे वर्ष, पुढच्या प्रवेशपरीक्षा, त्यात हे लाकूड कापत बसण्याला वेळ कुठे आहे? यावर आमचे उत्तर असे, की निवासी शाळेकडे पैसा कमी असेल, पण संध्याकाळ आहे. साडेपाच ते सात ही वेळ शहरातल्या मुलाची शिकवणीच्या वाटेवर जाते. आपली मुले त्या वेळी एकत्र असतात. आणि ज्याने उष्णतेचा हिशेब मिरचीवर केला आहे, त्याला तो उत्तरपत्रिकेत जड जात नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आपल्या मुलांनी बक्षिसांवर पाणी सोडायचे काय? सुस्थितीतल्यांची मुले विकतची उपकरणे घेऊन पुढे जाणार आणि आपण तत्त्व सांभाळत मागे राहणार? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपल्या मुलांसाठी एक प्रमाणपत्रही दार उघडते. म्हणून आम्हाला बक्षिसे हवीच आहेत. पेटीला चांगला रंग हवा, फलकावरची अक्षरे सुबक हवीत, बोलण्याचा सराव हवा. या बाबतीत आम्ही कमी पडलो, ही आमचीच चूक. परंतु उपकरण मुलाचे असेल तरच ते बक्षीस मुलाचे. एरवी ते कपाटाचे.

म्हणून आम्ही स्वतःवर चार बंधने घालून घेतली आहेत. तयार उपकरण शाळेतून जाणार नाही. प्रकल्पवही जुलैत सुरू होईल आणि तीत फसलेले प्रयोगही लिहिले जातील. शिक्षक प्रश्न विचारतील, धोक्याच्या कामात शेजारी उभे राहतील, पण मुलांच्या हातातली पक्कड घेणार नाहीत. आणि प्रत्येक गटात मुली असतील, केवळ फलक रंगवण्यासाठी नव्हे, तर करवत आणि मल्टिमीटर चालवण्यासाठी.

माजी विद्यार्थ्यांनो, आपण आज महावितरणमध्ये, रेल्वेत, कारखान्यांत, महाविद्यालयांत आहात. कोणी स्वतःचे वर्कशॉप चालवता. देणगीचा धनादेश आम्ही नाकारणार नाही. पण त्याहून आम्हाला आपला एक रविवार हवा आहे. नोव्हेंबरात या, मुलांच्या उपकरणांपुढे परीक्षक म्हणून बसा आणि त्यांना अवघड प्रश्न विचारा. मांडवात अडखळण्यापेक्षा ती आपल्यापुढे अडखळलेली बरी. येताना घरातला जुना मल्टिमीटर, स्प्रिंगचा काटा, वापरात नसलेली सायकल घेऊन या. आणि पालकहो, ‘आम्हाला त्यातलं काय कळतं’ हे वाक्य या आवारात पुन्हा उच्चारू नका. विहिरीची मोटार का जळते, बैलगाडीच्या आखाला वंगण का लागते, मिरची वाळली हे कानाला कसे कळते, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या मुलांना त्याचेच भौतिकशास्त्र शिकायचे आहे.

ती पेटी अजून स्वयंपाकघरामागे उभी आहे. यंदाच्या मुलांनी तिच्या पाइपाची उंची वाढवून पाहायचे ठरवले आहे. किती वाढवावी, असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही त्यांच्या हातात वही दिली.